गुप्त निरोपांची खोली

निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा आमच्या वस्तीत एकाही घरात फोन नव्हता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते आणि आई त्याच वखारीत तंबाखू चाळायला जायची. दोघं घरी आले की आधी मला शिंका यायच्या, मग ते दारात दिसायचे. मॅट्रिकनंतर मी टायपिंग शिकले ती शेजारच्या मावशीमुळे. मावशी सख्खी नव्हे. आईच्या बाजूला बसून तिनं वीस वर्षं चाळणी मारली होती, एवढंच नातं. पण क्लासच्या दारापर्यंत माझा हात धरून तीच गेली आणि तिथल्या सरांना म्हणाली, "हिला वखारीत घालायची न्हाय आमास्नी. हिला त्या टकटकीवर बसवा."

एक्स्चेंजमध्ये मी डोक्याला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायची. ट्रंक कॉल लावायचा म्हणजे माणसांनी सकाळी नंबर नोंदवून दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. कुणाचा मुलगा पुण्यात आजारी, कुणाच्या मुलीचं सोलापुरात बाळंतपण. कधी लाइन लागायची, कधी नाही. पाऊस सुरू झाला की तारा पडायच्या आणि दोन दोन दिवस गाव मुकं व्हायचं. मी बाहेर येऊन सांगायची, "लाइन न्हाय हो." लोक निमूट उठून जायचे. एकानंही मला कधी शिवी दिली नाही. आज त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

तिथून माझी निवड झाली ती बेळगावच्या एका सरकारी कचेरीसाठी. कुठली ते लिहीत नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. एका परदेशी सरकारनं आपल्या सरकारला कर्ज दिलं होतं आणि त्या कर्जातून फक्त सरकारी कचेऱ्यांना जोडणारं वेगळं जाळं उभं राहणार होतं. एका टोकाला टाइप केलेला मजकूर वाटेत कुणी पकडला तरी त्याला वाचता येणार नाही, दुसऱ्या टोकाच्या मशीनवरच तो नीट उमटणार. यंत्रं त्यांच्याच देशातली घ्यायची आणि दुरुस्तीला माणसंही त्यांचीच येणार, अशी अट होती. उद्घाटनाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले, "पूर असो, आग असो, दंगल असो, एका मिनिटात राजधानीला कळेल." मी पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला होता.

आम्हाला शिकवायला त्या देशाचा एक इंजिनिअर आला होता. उंच, उन्हानं लाल झालेला, स्वभावानं फार चांगला माणूस. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं आणि मलाही जेमतेम, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. माझ्यासोबत शिकायला दुसरे एक जण होते. वडगावच्या विणकर घरातले, पन्नाशीचे, पूर्वी तारखात्यात काम केलेले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णांची नेमणूक निपाणीच्या टोकाला झाली आणि माझी बेळगावच्या. निपाणीसारख्या गावात एवढं महागडं मशीन कशाला, असं मी विचारलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "बॉर्डर एरिया आहे ना. सेन्सिटिव्ह."

खोली थंड होती. जमिनीवर गालिचा होता, चपला बाहेर काढून आत जायचं. आत साधा टेलिफोन ठेवायला परवानगी नव्हती. निरोप आला की कागदावर "गुप्त" असा शिक्का मारायचा, लिफाफ्यात घालायचा आणि साहेबांच्या स्टेनोकडे द्यायचा. खोलीतला कागद बाहेर नेणार नाही, कुणाला सांगणार नाही, अशा शपथेवर माझी सही घेतली होती. एकदा आई बेळगावला आली तेव्हा मी तिला दारातून ती खोली दाखवली. दारातून येणारी थंड हवा तिनं तोंडावर घेतली आणि म्हणाली, "एवढ्या गारव्यात काम करतीस व्हय? बरं हाय बाई."

आता त्या मशीनवरून काय जायचं ते सांगते. शपथ घेतली होती, पण तिला आता चाळीस वर्षं झाली, आणि ज्या गोष्टी मी गुप्त ठेवल्या त्या गुप्त ठेवण्याच्या लायकीच्या नव्हत्या. मंत्र्यांचा दौरा. विश्रामगृहात कुणाला कुठली खोली. कुणाच्या मेहुण्याची बदली. एका साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण तर मी स्वतः पाठवलं, पत्रिकेतल्या मजकुरासकट. आणि त्याशिवाय निपाणीहून याद्या यायच्या. अमुक सभेत कोण बोललं, कुठल्या भाषेत बोललं, तंबाखूच्या बायकांच्या मोर्च्यात पुढं कोण होतं. एका यादीत मला आमच्या वस्तीतली चार नावं सापडली. त्यातलं एक मावशीचं होतं. तिचा गुन्हा काय, तर धुळीनं खोकला येतो, तोंडाला बांधायला फडकी द्या, असं ती मोर्च्यात म्हणाली होती. मी शिक्का मारला. लिफाफा बंद केला. आणि स्टेनोच्या हातात दिला.

इंजिनिअर दर चार-पाच महिन्यांनी तपासणीला यायचा. एकदा मी त्याला विचारलं, "तुमच्या देशातही अशी मशीनं आहेत का?" तो म्हणाला, आहेत. "आणि साध्या माणसाला फोन करायचा असेल तर?" तो हसला. त्याला प्रश्नच कळला नाही. प्रत्येक घरात फोन आहे, म्हणाला, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरही. त्या दिवशी पोस्टात शहापूरचे एक विणकर सकाळपासून ट्रंक कॉलसाठी ताटकळत बसलेले मी पाहिले होते. त्यांचे वडील हुबळीला दवाखान्यात होते. मी ते त्याला सांगितलं नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. त्याला जे मागितलं ते त्यानं आणून दिलं होतं.

पुढच्या वर्षी आषाढात ती गोष्ट घडली.

आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. वेदगंगेला पूर येऊन कोल्हापूरचा रस्ता बंद झाला होता. निपाणीच्या टेलिफोनच्या तारा पडल्या होत्या. अशा दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एका जुन्या वखारीची मागची भिंत आत कोसळली. भिंतीलगत बायका चाळायला बसल्या होत्या. हमालांनी हातांनी दगड-माती उपसून तिघींना बाहेर काढलं. आई त्या दिवशी खोकल्यामुळे घरी होती. मावशी कामावर गेली होती.

तिथल्या छोट्या दवाखान्याला हे झेपण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना ट्रकमध्ये घालून हलवू नका, वाटेतच जातील. बेळगावहून गाडी, रक्त आणि हाडांचा डॉक्टर येऊ दे. पण बेळगावला कळवायचं कसं? माझी जुनी एक्स्चेंजमधली मैत्रीण भिजत अण्णांकडे गेली आणि म्हणाली, "अण्णा, तुमचं मशीन चालू हाय न्हवं?"

मशीन चालू होतं. ते बिनतारी होतं, पावसाला दाद देत नव्हतं. पण आपत्तीचा निरोप पाठवायला साहेबांची सही लागायची आणि तिथले साहेब पुलावर पाणी बघायला गेले होते. अण्णांनी किती वेळ विचार केला मला माहीत नाही. त्यांनी नंतर एवढंच सांगितलं, "नियमाचं पुस्तक उघडलं, मिटलं, आन बसलो टाइप करायला."

सव्वाअकराला माझ्यासमोर कागद सरकू लागला. नेहमीचं सरकारी इंग्रजी नव्हतं. अण्णांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. "वखारीची भिंत पडली. तीन बायका लई जखमी. गाडी, रक्त, हाडाचा डॉक्टर लगेच धाडा. टेलिफोन बंद. साहेब न्हाईत." आणि खाली, "तुझी मावशी त्यात हाय."

मी शिक्का मारला, पण लिफाफा न करताच कागद स्टेनोकडे नेला. तो मूळचा लांबचा, ह्या भागातला नव्हे. त्यानं कागद उलटसुलट केला आणि त्याच्या हिंदीत विचारलं,

"ही कुठली भाषा?"

"मराठी. सर, निपाणीत अपघात झालाय. साहेबांना आत्ता द्या."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. ह्यावर सही नाही, कुठल्या वर्गाचा मेसेज ते लिहिलेलं नाही. इंग्लिश नाही, कन्नडा नाही. असा मेसेज कसा घ्यायचा?"

"मग मला दवाखान्यात एक फोन करू द्या."

त्याच्या टेबलावर फोन होता. डायलला बारीक कुलूप लावलेलं होतं. किल्ली साहेबांकडे, असं तो म्हणाला. "बसा. मीटिंग संपू दे."

मी बसले. इथे मला माझ्याबद्दलही लिहिलं पाहिजे. मी बाहेरच्या बाकावर दीड तास बसले. दर दहा मिनिटांनी उठून विचारत होते आणि परत बसत होते. निपाणीत लोक माझ्या बोर्डाबाहेर जसे निमूट बसायचे तशी. आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता. मीटिंग कशाची होती तेही मला ठाऊक होतं, कारण तिचा निरोप मीच आदल्या दिवशी घेतला होता. पुढच्या आठवड्यात कर्ज देणाऱ्या देशाचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या स्वागताची तयारी चालली होती.

एक वाजता मी उठले. स्टेनोच्या टेबलावरचा कागद उचलला. तो म्हणाला, "अहो, तो गुप्त आहे!" मी विचारलं, "कुणापासून?" आणि चालू लागले. आधी चालले, मग पावसात पळाले. सरकारी दवाखाना फार लांब नव्हता. पायांत चपला नाहीत हे मला तिथल्या फरशीवर उभं राहिल्यावर कळलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला. भाषा त्यांना येत होती, पण त्यांनी आधी शिक्का पाहिला. "सरकारी मेसेज आहे?" मी म्हटलं, "व्हय, सरकारीच आहे." त्यांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. पाऊण तासात रक्ताच्या बाटल्या, हाडांचे डॉक्टर आणि एक परिचारिका घेऊन गाडी काकतीच्या रस्त्यानं निपाणीला निघाली.

मी परत खोलीत येऊन बसले. मशीनवर अण्णांचे तीन निरोप येऊन पडले होते. तिन्हींत एकच प्रश्न होता, "गाडी निघाली का?" मी लिहिलं, "निघाली." मग मी तिथून हलले नाही. जेवले नाही. स्टेनो दोनदा दारात येऊन पाहून गेला. चार वाजून गेल्यावर कागद हलला. "गाडी आली. दोघी हायत. तुझी मावशी तीन वाजता गेली."

तीन वाजता. गाडीला निपाणी गाठायला दोन तास लागले होते. मी साडेअकरालाच पळाले असते तर ती अडीचपर्यंत पोचली असती. हा हिशेब मी त्या दिवसापासून कितीदा मांडला त्याला मोजदाद नाही. माझ्या दीड तासाची जबाबदारी मी कुणावर ढकलत नाही. पण मला त्या बाकावर कुणी बसवलं, तेही मी विसरत नाही.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांना अपघाताबद्दल काही विचारायचं नव्हतं. "रूममधून कागद बाहेर कसा गेला?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. "फॉरेन लोनच्या अटी आहेत. सिक्युरिटी ब्रीच म्हणतात ह्याला. तुम्हाला कल्पना आहे?"

मी म्हटलं, "सर, एक बाई मेली."

"त्याचं वाईट वाटतंच हो. पण तुम्ही मशीन सोडून गेलात."

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. मला सांगण्यात आलं, चांगली साडी नेसा, प्रात्यक्षिक तुम्हीच द्यायचं आहे. दारात रांगोळी, गळ्यात हार, तो लाल चेहऱ्याचा इंजिनिअरही बरोबर होता. मी निपाणीला "नमस्कार" असं पाठवलं, अण्णांनी "नमस्कार" पाठवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांमधल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, मशीनबद्दल काही अडचण? साहेब माझ्या वतीनं "नो प्रॉब्लेम" म्हणाले.

मी म्हटलं, "आहे." आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. भिंत, बाक, कुलूप घातलेला फोन, तीन वाजले ते.  शेवटी मी विचारलं, "मशीन एका मिनिटात बोलतं. मग माणूस मरतो कसा?"

ते गृहस्थ गांभीर्यानं मान हलवत म्हणाले, निरोप पोचला ना? मग यंत्रणेनं तिचं काम केलं. पुढचं तुमच्या प्रशासनाचं, आमच्या करारात ते येत नाही. इंजिनिअर खाली गालिच्याकडे पाहत होता. जाताना त्यानं माझा हात हातात घेतला आणि काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. मी हात सोडवून घेतला.

त्यांच्या अहवालाचा सारांश त्याच मशीनवर आला आणि मीच तो उतरवून घेतला. यंत्रणा समाधानकारक चालते आहे, दुसऱ्या टप्प्याच्या कर्जाला हरकत नाही. मावशीचा त्यात उल्लेख नव्हता. ती मोर्च्याच्या यादीत होती, ह्या कागदात नव्हती. एका बाईचं नाव सरकारला हवं तेव्हा गुप्त निरोपात बसतं आणि ती मेली की बसत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खोलीत ओरडावंसं वाटलं. ते कर्ज फेडायचं कुणी? विडीवर कर भरणाऱ्यांनी, काडेपेटी घेणाऱ्यांनी, म्हणजे आमच्याच माणसांनी. आणि ते जाळं उभारलं होतं त्यांच्यावरच नजर ठेवायला!

चौकशी झाली. अण्णांवर दोन आरोप होते, विनापरवाना निरोप आणि अमान्य भाषा. अमान्य भाषा हे शब्द त्यांनी मला स्वतः वाचून दाखवले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "मराठीत का लिहिलंत?" अण्णा म्हणाले, "घाईत इंग्लिश सुचंना, साहेब. बाई इव्हळत हुती, ती मराठीतच इव्हळत हुती." त्यांना आठ महिने निलंबित ठेवलं. ते वडगावला येऊन भावाच्या मागावर विणायला बसले. मला समज देऊन निपाणीच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये परत पाठवलं. शिक्षा म्हणून पाठवलं होतं. मी आनंदानं गेले. मात्र जाण्याआधी एक अर्ज केला, की पावसाळ्यात तारा पडल्या तर अपघाताचा निरोप त्या मशीनवरून जाऊ द्यावा, सही नंतर घ्यावी. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा केला. चार वर्षं दर मे महिन्यात मी तो अर्ज टाइप करून पाठवत राहिले. पाचव्या वर्षी कळलं, की सुटे भाग परदेशाहून येईनात म्हणून ती खोली बंद केली आहे.

वाचलेल्या दोघींपैकी एक पुढे मुलीकडे हिंडलग्याला राहायला गेली. दशक संपता संपता मी तिला भेटायला गेले. तिचा उजवा हात कोपरातून वळत नव्हता. डाव्या हातानं चहा गाळत ती आपल्या नातीला माझी ओळख करून देत म्हणाली, "ही आपल्या निपाणीची. लई वाईट दिवस हुता गं त्यो. पर सरकारनं गाडी धाडली म्हणून मी हाय."

माझ्या हातातली कपबशी खाली ठेवावी लागली. तिच्या तोंडून सरकारचं नाव कृतज्ञतेनं निघावं, हे मला त्या स्टेनोच्या कुलपापेक्षा जास्त झोंबलं. इतकी वर्षं मी गप्प राहिले म्हणूनच तिला तसं वाटत होतं. मी म्हटलं, "आक्का, सरकारनं न्हाय धाडली." आणि तिला सगळं सांगितलं. अण्णांचं, बाकाचं, माझ्या दीड तासाचंही. ती ऐकत राहिली. चहा गार झाला. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं.

पण तिनं विचारलं, "त्यो माणूस जित्ता हाय का?"

"हाय. वडगावात असतात."

ती उठली, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मुलीला म्हणाली, "जाऊन येतो गं आमी."

दोन बस बदलून आम्ही गेलो. अण्णा निवृत्त झाले होते, ओट्यावर बसून सुताचा गुंता सोडवत होते. तिनं त्यांना जय भीम केला आणि मग डाव्या हातानं उजवा हात उचलून जोडला. अण्णा गडबडून उभे राहिले. "अवो बाई, मी काय केलं? चार ओळी टाइप केल्या." ती म्हणाली, "आमच्या भाषेत केल्या न्हवं?"  अण्णांनी आत तोंड करून बायकोला हाक मारली, "आगं, पाव्हणी आल्यात. पोळ्या टाक."